अडतीस वर्षे आणि पाच महिने

रत्नागिरीच्या टिळक आळीतल्या घरात २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला. ते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. ते पाहायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक असते, की या माणसाने मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले. लिहायला किती वेळ लागला, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. शके १८३२ च्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेला लेखन सुरू झाले आणि फाल्गुनातल्या अमावास्येला खर्डा पुरा झाला. म्हणजे नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११. पाच महिने.

हे ऐकले की लिहू पाहणाऱ्याचे मन खट्टू होते. आपल्याला एक पान लिहवत नाही आणि मधुमेहाने पोखरलेला, चौपन्न वर्षांचा कैदी परमुलखात एवढा ग्रंथ पाच महिन्यांत हातावेगळा करतो. त्याच्याकडे काही दैवी होते, आपल्याकडे ते नाही, अशी समजूत घालून आपण वही मिटतो. ती मिटण्याआधी त्या ग्रंथाची प्रस्तावना वाचावी. गीतेशी आपली पहिली गाठ कधी पडली, हे टिळकांनी तिथे सांगितले आहे. साल १८७२. वडील शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलेले आणि सोळा वर्षांचा मुलगा त्यांना गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवतो आहे. लढाईतून माघार घेऊ पाहणाऱ्या अर्जुनाला उभे करणारा हा ग्रंथ शेवटी संन्यासच शिकवतो, असे टीकाकार का म्हणतात, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला आणि मग सुटला नाही. कॉलेज, शाळा, ‘केसरी’, काँग्रेस, खटले या साऱ्या धबडग्यात तो प्रश्न सोबत राहिला. मधल्या काळात मूळ संस्कृत टीका वाचून झाल्या, नागपुरात आणि संकेश्वर मठात या विषयावर व्याख्यानेही झाली. पेन्सिल हातात धरण्यापूर्वी अडतीस वर्षे ते मनात लिहीत होते.

हे प्रकरण त्या दोन आकड्यांविषयी आहे. ‘लिहायची उमेदच वाटत नाही’ ही तक्रार एक वाटते, पण तिच्या पोटात दोन निरनिराळी दुखणी असतात. कुणाकडे अजून साठाच झालेला नसतो, कुणाकडे साठा तुडुंब असून हात चालत नाही. पहिल्याला अडतीस वर्षांतले काहीतरी हवे असते, दुसऱ्याला पाच महिन्यांतले. आपण बहुधा एकाचे औषध दुसऱ्याला देतो. डोक्यात आजीची अख्खी हकीकत तयार असलेला माणूस ‘अजून थोडे वाचू, मग लिहू’ म्हणत वर्षे घालवतो. आणि जिच्याजवळ सांगण्यासारखे अजून काही गोळा झालेले नाही, ती मुलगी रोज पहाटे उठून कोऱ्या पानासमोर स्वतःला शिक्षा करत बसते.

यात भर म्हणून समुद्राचा उपाय आहे. मुंबई-पुण्याची कितीतरी माणसे चार दिवस सुटी काढून गणपतीपुळ्याला किंवा भाट्याच्या किनाऱ्याला येतात, ती लाटा बघितल्या की सुचेल या आशेने. विश्रांती जरूर मिळते आणि तिची गरजही असते. पण ज्यांनी हा मुलूख मराठी साहित्यात आणला त्यांच्याकडे पाहिले तर वेगळेच दिसते. श्री. ना. पेंडसे १९१३ साली दापोली तालुक्यातल्या मुर्डीत जन्मले आणि लहानपणीच मुंबईला गेले. ‘गारंबीचा बापू’ (१९५२), ‘रथचक्र’ (१९६२) या कादंबऱ्यांतले कोकण त्यांनी मुंबईत, ‘बेस्ट’मधली नोकरी सांभाळून उभे केले. वाडी, वहाळ, पोफळीची आगरे समोर नव्हती, म्हणून ती आठवून काढावी लागली. आठवून काढताना मन निवड करते, नको ते गळते आणि राहिलेले ठसठशीत होते. समोर दिसणारा समुद्र इतका पुरेसा असतो, की त्याच्याविषयी लिहिण्याची निकड वाटत नाही.

साठ्याचा विचार आधी करू. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे मध्ये काही वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, कारण कातळावर पडलेले पाणी ठरत नाही, उतारावरून थेट खाडीला जाते. अनुभवाचे तसेच आहे. आयुष्यात फारसे काही घडले नाही म्हणून लिहिता येत नाही, हे मला कधीच पटलेले नाही. घडते सगळ्यांच्याच घरी. अडवले जात नाही. बाजारात मासळीवालीने घासाघीस करताना टाकलेले एक वाक्य, एस.टी.त शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने सांगितलेली खटल्याची गोष्ट, काकूने सुपारी सोलता सोलता सहज काढलेला माहेरचा विषय. त्याच दिवशी दोन ओळींत टिपून ठेवले तर ते उरते, नाहीतर आठवड्याभरात फक्त ‘काहीतरी छान बोलली होती’ एवढेच राहते. टिपण लहान असावे, पण त्यात माणसाचे शब्द जसेच्या तसे असावेत. भावना नंतर भरता येतात. शब्द नंतर सापडत नाहीत.

वाचनाचेही तेच. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ मध्ये स्थापन झाले. जवळजवळ दोनशे वर्षे पुस्तके घरी नेऊन वाचण्याची सोय असलेले हे शहर आहे. पण वाचनाने लिहिण्याची उमेद यायची असेल तर वाचताना शेजारी वही लागते. टिळकांनी संस्कृत टीका वाचल्या त्या त्यांच्याशी वाद घालत वाचल्या. न पटलेले पान हे लेखकाचे फार मोठे भांडवल असते. एखाद्या पुस्तकातले कोकण तुम्हाला खोटे वाटले, त्यातली आई तुमच्या आईसारखी वाटली नाही, तर तिथे थांबा. काय खोटे वाटले ते चार ओळींत लिहा. त्या चार ओळींतून पुष्कळदा स्वतःचे लिखाण सुरू होते.

आता दुसरे दुखणे, साठा असून हात न चालण्याचे. मंडालेत टिळकांना सुटे कागद मिळत नव्हते. पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळत आणि शाईऐवजी पेन्सिल. कैद्याने एखादे पान फाडून चिठ्ठी बाहेर पाठवू नये म्हणून केलेली ती तजवीज होती. पण लिहिणाऱ्याच्या नजरेने तिच्याकडे पाहा. अशा वहीत वाईट जमलेले पान फाडता येत नाही. ते तिथेच राहते आणि आपल्याला पुढच्या पानावर जावे लागते. आपण नेमके उलटे करतो. पहिले वाक्य लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो, कागद चुरगाळतो. मोबाइलवर तर अक्षरे पुसायला बोटभर कष्टही पडत नाहीत. तासाभराने पाटी कोरीच, आणि मनात मात्र आपण लिहिले नाही याची बोच. लिहिणे आणि निवडणे ही दोन कामे एका बैठकीत केली की दुसरे पहिल्याचा गळा धरते. म्हणून माझा पहिला आग्रह साधा आहे. शंभर पानी बांधीव वही आणा, प्रत्येक पानावर स्वतः आकडा घाला आणि ती संपेपर्यंत एकही पान फाडायचे नाही असे ठरवा. टिळकांच्या त्या वह्यांचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. जून १९१४ मध्ये टिळक सुटले, पण हस्तलिखित लगेच त्यांच्या हाती आले नाही. ते मिळाले नसते तर आठवून पुन्हा लिहायची त्यांची तयारी होती. वह्या मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला.

पाच दिवसांची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. दापोली तालुक्यातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने, आपले साने गुरुजी, नाशिकच्या तुरुंगात असताना ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ‘श्यामची आई’ लिहायला बसले आणि १३ तारखेला त्यांनी हातातले काम संपवले. पुस्तकाचा बहुतेक भाग त्या पाच दिवसांतला आहे, थोडा नंतर तुरुंगाबाहेर लिहिलेला. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मातृप्रेमाचा पूर आला आणि पुस्तक वाहत आले, असे आपण म्हणतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

त्याआधी गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, म्हणजे रोजचे. शिकवण्याचे काम होते, वसतिगृहातल्या मुलांची आजारपणे होती, आणि तरी सकाळी मुलांना वाचायला काहीतरी हवे म्हणून स्वतःच्या हाताने लिहिलेला अंक तयार ठेवायचा. उद्या सकाळी अमुक मुलगा हे वाचणार आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला ‘आज मूड नाही’ म्हणायला जागा उरत नाही. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी फेब्रुवारी ते जून दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. ती उतरवून घेतली गुरुजींनी, आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यामुळे आपल्याला मिळाले. दुसऱ्याची वाक्ये वेगाने, मन लावून लिहून काढणे ही हाताची केवढी मोठी तालीम आहे! त्यानंतर वर्षाच्या आत नाशिकचे पाच दिवस आले. आईच्या आठवणी बालपणापासून साठलेल्या होत्या, हात रोजच्या अंकाने आणि रविवारच्या प्रवचनांनी मोकळा झाला होता, आणि ऐकणारी मुले डोळ्यांसमोर होती. पुस्तकाची रचनाही तशीच आहे, श्याम रात्री आश्रमातल्या मित्रांना गोष्ट सांगतो.

यातून दोन उपाय सरळ उचलता येतात. स्वतःचे काही सुचत नसेल त्या दिवशी दुसऱ्याचे लिहून घ्या. गावातल्या एखाद्या वृद्ध नाखव्याला, सुईणीला, निवृत्त पोस्टमास्तरला बोलते करा आणि त्यांचे बोलणे उतरवा. आणि जे लिहाल ते एका माणसाला उद्देशून लिहा. ‘वाचकांसाठी’ लिहायला बसले की भाषण होते. मुंबईत वाढलेल्या भाचीला तिच्या आजोळचे घर कसे होते ते सांगायला बसले की पडवी, माजघर, कोनाडे, न्हाणीघराचा धूर आपोआप येतो, कारण तिला ते माहीत नाही आणि तिला सांगावेसे वाटते.

पण रोज लिहिले तर लिखाण यांत्रिक होणार नाही का? हा प्रश्न खरा आहे आणि अनेक चांगली माणसे याच भीतीने थांबतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिहिणे रखडलेल्या २७ प्राध्यापकांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाने अगदी निकड असल्याशिवाय लिहायचे नाही, फक्त सुचेल ते मनात घोळू द्यायचे. दुसऱ्याने वाटेल तेव्हा लिहायचे. तिसऱ्याने ठरल्या दिवशी ठरल्या वेळी लिहायचेच, आणि चुकवले तर आधीच सही करून ठेवलेला धनादेश आपल्याला मुळीच न आवडणाऱ्या संस्थेला जायचा. पाने कुणी जास्त लिहिली हे सांगायला नको. पहिल्या गटाचे सरासरी दिवसाला ०.२ पान, दुसऱ्याचे ०.९, तिसऱ्याचे ३.२. महत्त्वाचे निराळेच होते. नव्या कल्पना किती सुचल्या याचीही नोंद प्रत्येकाने ठेवली होती. न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांत एक, लहरीने लिहिणाऱ्यांना दोन दिवसांत एक, आणि सक्तीने लिहिणाऱ्यांना रोज एक. वाट पाहणाऱ्यांना सर्वांत कमी सुचले. प्रयोग लहान आहे आणि त्यातली माणसे संशोधनपर लिहिणारी आहेत, कवी नव्हेत, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही लिहिताना सुचते हा अनुभव त्यातून मोजून दाखवला गेला. समर्थ रामदासांनी रोज काहीतरी लिहीत-वाचत राहायला सांगितले आहे, त्याला अनुभवाचाच आधार असणार.

कवितेचा विचार मात्र निराळा करावा लागतो. आणि तो करायला रत्नागिरीहून उत्तरेला, गणपतीपुळ्याच्या पलीकडे मालगुंडला जावे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, तिथे १८६६ मध्ये जन्मले. त्यांच्या घरी कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ मध्ये स्मारक उभे केले. ‘स्फूर्ती’ याच नावाची एक कविता त्यांनी लिहिली आहे, आणि ‘झपूर्झा’मध्ये भान हरपलेल्या निर्मितीच्या अवस्थेचे असे वर्णन आहे, की सव्वाशे वर्षांनंतरही त्याला जोड नाही. स्फूर्तीवर एवढी श्रद्धा असणाऱ्या कवीने लिहिले तरी किती? १८८५ च्या सुमारापासून १९०५ पर्यंतच्या वीस वर्षांतल्या उपलब्ध कविता सुमारे १३५. वर्षाला सरासरी सात.

या सातच्या आकड्याने मला फार धीर दिला आहे. आधुनिक मराठी कवितेचा प्रवाह ज्याने वळवला, तो कवी दोन महिन्यांत सरासरी एकाच कवितेचा धनी होता. उरलेल्या दिवसांत तो शाळेत शिकवत होता, नोकरीसाठी मुंबई, खानदेश, धारवाड अशी गावे बदलत होता, संसाराच्या विवंचनेत होता. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने तो गेला तेव्हा वय चाळीसही नव्हते. हयातीत त्याच्या कवितांचे पुस्तक निघाले नाही. हरि नारायण आपट्यांनी ते १९१७ मध्ये काढले. ‘गेले दोन महिने काही लिहून झाले नाही, म्हणजे मी लेखक नाही’ असे म्हणणाऱ्या तरुण कवींना मी हा हिशेब सांगते. कवितेत रिकामा काळ हा दोष नसतो. केशवसुतांनी त्या काळात हात मात्र बांधून ठेवला नव्हता. संस्कृत आणि इंग्रजी कवितांची भाषांतरे त्यांनी केली, आणि इंग्रजीतला चौदा ओळींचा घाट त्यांनी मराठीत आणून रुजवला. सुनीताच्या चौदा ओळी हे एक कुंपण आहे आणि भांबावलेल्या मनाला कुंपणाचा आधार होतो. ‘काहीही लिही’ म्हटले की काहीच सुचत नाही. ‘चौदा ओळी, शेवटच्या दोन ओळींत विचार वळला पाहिजे’ म्हटले की मन कामाला लागते.

कुंपण बाहेरूनही पडते. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही ही अट होती. जो विषय जिवाचा, तोच बंद. त्या तेरा वर्षांत ‘उःशाप’, ‘संन्यस्त खड्ग’ ही नाटके आली, जातिभेदावरचे निबंध आले, भाषाशुद्धीची चळवळ आली. त्यांच्या मतांशी कुणी सहमत असो वा नसो, मुख्य वाट अडल्यावर शेजारची वाट धरणे ही लेखकाला उपयोगी पडणारी रीत आहे. कादंबरी अडली असेल तर तिच्यातल्या एका पात्राचे पत्र लिहा. पत्र अडले तर त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी करा.

आणि मराठीत तर लिहून घेण्याची एक हक्काची व्यवस्थाच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून संपादकाचे पत्र हे कित्येक मराठी कथांचे खरे उगमस्थान राहिले आहे. पावसाळ्यात मजकूर पोचता करायचा असतो. कोकणात ते दिवस तसेही घरात बसायचे. भाताची लावणी उरकलेली, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. छापील अंकाकडून तुम्हाला पत्र येत नसेल तर तारीख स्वतः घालून घ्या आणि ती दुसऱ्या कुणाला तरी सांगा. शाळेतल्या सहकाऱ्याबरोबर दर शनिवारी दोन-दोन पाने एकमेकांना वाचून दाखवण्याचा करार केलात तरी चालेल. पाने चांगली नसली तरी वाचायची. शनिवार हुकवायचा नाही.

‘नोकरीमुळे वेळ मिळत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी पेंडशांच्या जोडीला इंग्लंडच्या टपालखात्यातला एक अधिकारी आठवतो. अँथनी ट्रॉलप पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत, समोर घड्याळ ठेवत आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहीत. त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या. २५० शब्दांचा वेग सर्वांना झेपणार नाही आणि झेपायचे कारणही नाही. घड्याळ मात्र घेण्यासारखे आहे. पंधरा मिनिटे हा असा तुकडा आहे की त्याला नाही म्हणायला संकोच वाटतो, आणि पाचव्या मिनिटापर्यंत वाईट गेलेले लिखाण बाराव्या मिनिटाला कधी कधी उमलते.

एक गोष्ट निक्षून सांगते. नुसते लिहिणेच नव्हे, तर जेवण, झोप, माणसांशी बोलणे, पूर्वी आवडणारे गाणे, कशातच दोन आठवड्यांहून अधिक काळ मन लागत नसेल तर तो लेखनाचा प्रश्न मानू नका. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना भेटा. रत्नागिरीत तर प्रादेशिक मनोरुग्णालयच आहे. दुःखातूनच साहित्य येते, म्हणून दुखणे अंगावर काढू नये. उपचारांतही ‘आधी छोटी कृती, मन नंतर मागे येईल’ हे तत्त्व वापरतात, पण ते काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली व्हायला हवे.

बाकीच्यांनी आजच ठरवावे, की आपले दुखणे कोणते. वही घ्या आणि गेल्या वर्षभरात ज्या गोष्टी दुसऱ्याला सांगाव्याशा वाटल्या त्या आठवून एकेका ओळीत लिहा. ओळी दोन-तीनच निघाल्या तर महिनाभर लिहायचा हट्ट सोडा, टिपणे करा, वाचनालयात जा, लोकांना बोलते करा. दहा-बारा निघाल्या तर आणखी पुस्तक आणायला जाऊ नका. त्यातली सर्वांत साधी ओळ निवडा, ती कुणाला सांगायची त्याचे नाव पानाच्या माथ्यावर घाला, घड्याळात पंधरा मिनिटे लावा आणि त्या माणसाला हाक मारून सुरुवात करा. वेळ संपली की वाक्य अर्धे असले तरी पेन खाली ठेवा. पुढे काय येणार आहे ते दोन शब्दांत समासात टिपा, म्हणजे उद्या बसताना कोरे पान समोर येणार नाही.